तीन गाठींचं वचन

नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि रविवार त्या साली एकत्र आले, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेश दुप्पट लांबवला आणि पारध्यांच्या घरी सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शाळेच्या भाड्याच्या हॉलमधून उपासना आटोपून घरची माणसं भाईंदरच्या केबिन रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर पोहोचली, तेव्हा एक वाजून गेला होता. मटण शिजून तयार होतं, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, तरी ताटाकडे जायची कोणाची टाप नव्हती. पारध्यांच्या घरी एक जानेवारीला आधी वचन, मग जेवण.

वचन म्हणजे चिठ्ठी. कोंडिराम पारधे यांनी १९६९ साली भायखळ्याच्या खोलीत ही रीत सुरू केली. तेव्हा ते छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. डिसेंबरात छापखान्यातून कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या घरी आणायच्या, शास्त्रातली चोवीस वचनं सुबक अक्षरात लिहायची, गुंडाळ्या करून दोऱ्याने बांधायच्या आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. पहिल्या तारखेला घरातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी. तिच्यात जे येईल ते त्या माणसाचं वर्षाचं वचन, आणि काही मोठं ठरवायचं अडलं असेल तर तोच देवाचा निकाल.

आता चिठ्ठी प्रत्येकाने स्वतः उचलावी की नाही? कोंडिरामांनी तिथेही देवाला मधल्या मध्ये फसवलं जाऊ नये याची तजवीज केली होती. लिहिता-वाचता येणाऱ्याच्या बोटांना लबाडी सुचते, असं त्यांचं मत. वैजयंताला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अक्षराची ओळख नव्हती. तेव्हा डबा तिने डाव्या हातात धरायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताने एकेकाच्या तळव्यावर चिठ्ठी ठेवायची. तिच्या हातात पाप येणारच नाही, कारण त्या हाताला काही कळतच नाही, असं ते चर्चच्या मंडळीत कौतुकाने सांगत. सव्वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

सून आली आणि शंका आली. मानसी सोलापूरकडची, केबिन रोडवरच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिच्या माहेरीही प्रार्थना होती, उपवास होते, पण डबा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात तिला कपाटात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, वचनांची वही सापडली. सालवार, नाववार, कोणाला काय आलं ते सगळं तिच्यात लिहिलेलं. पोरगी नवी होती, दुपारी करायला काही नव्हतं, वाचत बसली. वाचता वाचता ती पेन्सिल शोधायला उठली.

कोंडिरामांना १९७५ पासून १९९२ पर्यंत अठरा वर्षांत सतरा वेळा नम्रतेचं वचन आलं होतं. फक्त १९८६ साली तेवढं वेगळं आलं, आपलं ठिकाण सोडून मी दाखवीन तिकडे चाल, अशा अर्थाचं. त्याच वर्षी ते बिऱ्हाड घेऊन भायखळ्याहून भाईंदरला आले. चोवीस चिठ्ठ्यांत नम्रतेच्या सहा. मानसीने कॅलेंडरच्या मागे गुणाकार मांडला आणि शून्यं कागदाबाहेर जायला लागली तेव्हा थांबली.

रवीला तिने ते दाखवलं. रवी तिचा नवरा, पोस्टात क्लार्क, सरळमार्गी माणूस. तो म्हणाला, "देवाच्या कामात गणित घालू नकोस."

"मी घालत नाहीये. आहे ते दिसतंय."

"मग बघू नकोस."

बघू नकोस म्हटल्यावर न बघणारी ती बाई नव्हे. गेली दोन वर्षं ती एक जानेवारीची वाट अशी पाहत होती की बाकीच्यांना वाटे, सुनेची श्रद्धा भारी.

यंदा मात्र नुसतं कुतूहल नव्हतं. संध्याचा प्रश्न होता. संध्या रवीची थोरली बहीण, तेहतीस वर्षांची, लग्न नाही, मीरा रोडच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स. मस्कतच्या मोठ्या इस्पितळातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं आणि गुरुवारपर्यंत होकार कळवायचा होता. पत्र येऊन तीन आठवडे झाले. घरात त्यावर एकदाही नीट बोलणं झालं नव्हतं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "एक तारीख जवळच आहे. वचन येईल तसं करू." संध्या बरं म्हणाली. या घरात मोठी झालेली मुलगी दुसरं काय म्हणणार?

बाबांना पाच वर्षं साखर होती. रोज सकाळी साडेसहाला ड्यूटीवर निघण्याआधी संध्या त्यांना इन्शुलिनची सुई टोचायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"वहिनी, आण गं डबा, जीव चाललाय माझा," लवूकाका म्हणाले. हे कोंडिरामांचे धाकटे भाऊ, काशीमीऱ्याला ट्रकचं गॅरेज चालवायचे. नखांतलं काळं ऑइल रविवारीही पूर्ण जात नसे. "आणि संध्ये, तू घाबरू नकोस. माझं मत जा असंच आहे. अपना क्या, तेरा लाइफ है."

"तुझं मत कोणी विचारलं नाही, लवू," कोंडिराम म्हणाले.

"इकडे कोणाचंच विचारत नाहीत, दादा. म्हणून आपणच देऊन टाकायचं."

वैजयंताबाई स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पांढऱ्या पट्टीत होती. दोन दिवसांपूर्वी सांडशी सापडेना म्हणून त्यांनी रश्श्याचं पातेलं पदरानेच उतरवलं होतं. पदर सरकला, बोटं भाजली. संध्यानेच मलम लावून पट्टी बांधली होती, आणि मुलगी कामाची पक्की असल्यामुळे ती टोकांपर्यंत जाडजूड बांधली होती.

प्रार्थना झाली. बाईंनी डोळे मिटले आणि डब्यात हात घातला. दरवर्षी त्या क्षणभर चिठ्ठ्या चाळवत, ओठ हलत, मग हात वर येई. सगळे म्हणत, प्रार्थना करतेय. यंदा हात खूप वेळ आतच राहिला. मानसी समोरच बसली होती. तिने पाहिलं, आईंच्या कपाळावर घाम आला होता आणि मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. एक चिठ्ठी त्यांनी वर काढली, पट्टीच्या बोटांत फिरवली, परत टाकली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. शेवटी त्यांनी एक कोंडिरामांच्या हातावर ठेवली. मग लवूकाका, संध्या, रवी, मानसी. सगळ्यात शेवटी एक स्वतःसाठी काढून त्यांनी नेहमीसारखी पदराच्या टोकाला बांधली.

कोंडिरामांनी चष्मा लावला, दोरा न सोडवता तसाच सरकवून काढला आणि चिठ्ठी उघडली. दरवर्षी ते ती उघडायच्या आधीच अर्धे हसत. मंडळीत साक्ष देताना सांगायचं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: देव मला दरसाल आठवण करतो की बाबा रे, लहान हो, आणि एवढ्या वेळा ही आठवण मंडळीत दुसऱ्या कोणालाही होत नाही. नम्रतेचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस भाईंदर पूर्वेत दुसरा नसेल.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मागची बाजू पाहिली.

"काय झालं, बाबा?" रवीने विचारलं.

"आपलं ठिकाण सोड, आपली माणसं सोड आणि मी दाखवीन तिकडे जा." ते गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागले. रोजच्या जागेवर दुसरंच कोणी येऊन बसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "यंदा नम्रता नाही?"

"पास झालास, दादा," लवूकाका म्हणाले. "वीस वर्षं एकाच इयत्तेत होतास."

कोणीतरी हसलं असतं, पण संध्याने आपली चिठ्ठी उघडली होती. तिने ती मोठ्याने वाचली नाही. रवीने तिच्या हातातून घेतली आणि वाचली. जिथे आहेस तिथेच स्थिर उभा राहा, शांत राहा, आणि देव काय करतो ते पाहा. तसंच काहीसं.

"झालं तर मग," रवी म्हणाला. त्याने सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू गेला. "थांब असं आलंय, ताई. आता नाही म्हणून कळवून टाक."

"लवूकाका?" संध्याने विचारलं.

लवूकाकांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली आणि त्यांचा मघाचा सगळा जोर ओसरला. "आता वचनच आलंय म्हटल्यावर," ते म्हणाले, "आपण कोण गं बोलणारे?"

 संध्या उठली आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागली. ते अजून ओलेच होते.

मानसीला राग आला. कोणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं. स्वतःच्या चिठ्ठीतलं 'भिऊ नकोस' तिने वाचून न वाचल्यासारखं केलं आणि ताटं घ्यायला आत गेली. आई स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मटणाचं पातेलं तसंच झाकलेलं.

"मानसी, दार ओढ," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "संध्याच्या चिठ्ठीच्या दोऱ्याला गाठी किती होत्या गं?"

मानसी जागच्या जागी उभी राहिली. दोन वर्षांचं गणित तिच्यासमोर एका प्रश्नात सुटलं.

ती बाहेर गेली, टीपॉयवर ज्याच्या त्याच्या जागेसमोर पडलेले दोरे उचलून आणले आणि उजेडात धरले. "ताईंच्या दोन. बाबांच्या दोऱ्याला एक. रवीच्याला तीन."

"दोन," आई म्हणाल्या. त्यांनी पट्टीचा हात मांडीवर ठेवला. "मला एक द्यायची होती तिला."

"म्हणजे आई, तुम्ही..."

"हे लिहितात तेव्हा मोठ्यानं वाचून लिहितात. मी समोर बसून गुंडाळते. मला पाठ होतं. जा असं असलं की एक गाठ मारायची. थांबची दोन. लहान हो त्याची तीन. भिऊ नको, चार." त्यांनी पट्टीतली बोटं एकमेकांवर घासून दाखवली. "बोटांनी कळतं. डोळे मिटून काय फरक पडतो? पण यंदा पट्टीतून काही लागेना. सगळ्या सारख्याच."

"किती वर्षं?"

"पहिली सहा वर्षं खरंच देवाच्या नावानं दिल्या. गाठी मारायची पण चाचपायची नाही. नंतर चाचपल्या." त्यांनी वर पाहिलं. "तुला माहीत होतं ना? तू माझ्या हाताकडे बघायचीस."

"मला एवढंच माहीत होतं की असं होऊ शकत नाही," मानसी म्हणाली.

तिला खरं तर खूप विचारायचं होतं. कोणाला कधी काय दिलं, कसं ठरवलं, कधी चुकलं का. एखाद्या मुलाने अवघड उदाहरण वेगळ्याच रीतीने सोडवावं आणि वही हातात घेऊन बसावंसं वाटावं, तसं तिला झालं होतं. पण आई रडत होत्या. आवाज न करता, डाव्या हाताने डोळे पुसत.

"आता काय करू ते सांग," त्या म्हणाल्या. "मी गप्प बसले तर पोर राहील इथं. सांगितलं तर ह्यांचं सगळंच जाईल. पुढच्या रविवारी साक्ष द्यायचीय त्यांना."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं तेच तर वीस वर्षं केलं. म्हणून विचारतेय."

 मानसीने पाण्याचा पेला भरून दिला. आई तो अर्धा प्यायल्या, उठल्या, पदर नीट केला आणि दार उघडून बाहेर गेल्या. मानसीने दोरे टीपॉयवर परत ठेवले आणि पुढे जे झालं ते दारात उभं राहून पाहिलं.

"अहो, मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. "संध्या, आत ये."

त्यांनी सांगितलं. मानसीला सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत. एक गाठ, दोन गाठी, तीन, चार. कोंडिराम ऐकत होते आणि त्यांची बोटं टीपॉयवरच्या दोऱ्यांकडे जात होती, परत येत होती.

"भाईंदर?" त्यांनी विचारलं.

"एक गाठ. मीच दिली."

"का?"

"तुम्हाला यायचं होतं. छापखाना बंद पडायला आला होता, तुम्हाला रात्र रात्र झोप नव्हती. पण देव म्हणाल्याशिवाय तुम्ही हललाच नसता."

"आणि मला दरसाल तीन?"

बाईंनी जरा विचार केला. "ते मात्र," त्या म्हणाल्या, "मला फार विचार करायला लागला नाही."

लवूकाकांनी तोंडावर हात धरला. कोंडिरामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तो हात तसाच राहिला.

"तू हसू नकोस, लवू."

"तुम्ही हसू नका भाऊजी, खरंच," आई म्हणाल्या. "पहिली चाचपली ती तुमच्यासाठी. पंच्याहत्तर साली. तुम्ही तेव्हा पीत होतात. ह्यांनी ठरवलं होतं, एक तारखेला वचन पाहायचं आणि तुम्हाला घराबाहेर काढायचं. मला भीती वाटली, डब्यातून भलतंच काही आलं तर? मी तीन गाठींची शोधली."

लवूकाकांचा हात खाली आला. त्या दिवशी कोंडिरामांनी चिठ्ठी वाचली होती आणि वीस वर्षांच्या भावाच्या पायाशी बसून रडले होते, ही गोष्ट या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लवूकाका स्वतः मंडळीत उभे राहून ती सांगत. देवाने दादाला वाकवलं आणि मला वाचवलं, असं.

"ते वहिनीनं केलं?" ते कोणाला तरी विचारल्यासारखं म्हणाले.

"म्हणजे देव माझ्याशी बोललाच नाही," कोंडिराम म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वीस वर्षं. मी लोकांना सांगत फिरलो. मंडळीचा पंच म्हणून पुढे बसलो. आणि डब्यात तू होतीस."

"हात माझा होता. खोटा होता, ते मी कबूल करते. त्याच्यापुढे पण करीन. पण वाकलात ते तुम्ही वाकलात ना? ते मी कुठून आणणार?"

"तुला वाचता येत नाही म्हणून मी..." ते थांबले. खिळ्यांतून हजारो पानं जुळवलेला माणूस. लग्नाच्या वर्षी त्यांनी तिला अक्षरं शिकवीन म्हणून सांगितलं होतं. तीन अक्षरं झाली, मग राहिलं. नंतर तिचं न येणंच घराच्या उपयोगाचं झालं. हे त्यांना आता आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

 खालून कोणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत होतं. मानसीला वाटलं, आता विचारलं नाही तर पुन्हा विचारता येणार नाही. तिचा स्वभावच तसा.

"आई, आणि तुमची? तुम्ही स्वतःला कितीची घ्यायचात?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वहीत सगळ्यांची नावं होती. वैजयंताचं नाव एकाही वर्षी नव्हतं. हे मानसीच्याही लक्षात आत्ता आलं.

"माझी मी कधी चाचपली नाही," आई म्हणाल्या. "हाताला लागेल ती."

"मग त्यात काय आलं होतं?"

"कोणाला माहीत?"

त्यांनी कपाटातून शिवणाचा डबा काढला. सुया, बटणं, रिळं, आणि त्यांच्याखाली रुमालात बांधलेली पुरचुंडी. ती त्यांनी टीपॉयवर सोडली. सव्वीस चिठ्ठ्या. जुन्यांचा कागद पिवळा पडलेला. दोरे सगळ्यांचे जसेच्या तसे. पदराची गाठ सोडून त्यांनी यंदाचीही त्यात ठेवली.

"उघडल्यासुद्धा नाहीस?" कोंडिरामांनी विचारलं. "मला सांगायचंस, मी वाचून दाखवली असती."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि मला गरज नाही वाटली. लिहिणाऱ्याला माहीत आहे काय लिहिलंय ते. मी वाचलं नाही म्हणून त्यानं पाळलं नसेल, असं थोडंच आहे?"

हे त्या अगदी सहज बोलल्या, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा.  घरातल्या सगळ्यांचं ठरवायला ज्या बाईने देवाच्या डब्यात हात घातला, तिने स्वतःचं मात्र न बघता त्याच्यावर सोडून दिलं होतं.

कोंडिरामांनी एक चिठ्ठी उचलून परत रुमालावर ठेवली. मग म्हणाले, "संध्या, तुला काय पाहिजे?"

संध्या ओले कपडे हातात घेऊनच उभी होती. तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. तिला तो याआधी कोणी विचारला नव्हता.

"मला जायचंय, बाबा," ती म्हणाली. "पण थांब आलंय. आणि आईची पट्टी होती, म्हणजे यंदाचं खरं आहे."

"यंदाचं खरं आहे," आई म्हणाल्या. "त्याचीच तर मला भीती वाटतेय."

"तुझं राहू दे. माझं पण यंदाचं खरं आहे ना?" कोंडिरामांनी आपली चिठ्ठी उलगडून गुडघ्यावर सारखी केली. "मला सोड म्हणून आलंय. आता या वयात मी काय सोडून कुठे जाणार? मघापासून तेच बघत होतो." पुढचं बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते हे दिसत होतं. "तीन आठवडे झाले पत्राला. मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं. सकाळी सुई कोण टोचणार, पडलो-झडलो तर कोण बघणार, याची मला भीती वाटते. एवढं एक वाक्य बोलायला मला डबा लागला. मी देवाला विचारत नव्हतो गं. मी त्याच्या मागे लपत होतो."

"बाबा, मग मी..."

"माझं बोलून झालेलं नाही. तू शांत राहा, तुझ्या चिठ्ठीत तेच लिहिलंय. मस्कतला जाऊन शांत राहा. इकडचं तो बघेल. माझा विश्वास आहे म्हणून वर्षानुवर्षं सांगतोय, आता जरा ठेवून बघतो."

"पण सुईचं काय?" लवूकाकांनी विचारलं. कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

मानसी मी म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या आधी रवी बोलला. रवीच्या मूठभर हिमतीची सगळ्या घराला कल्पना होती. बहिणीने बापाला सुई टोचली की हा सकाळी पेपर तोंडासमोर धरायचा, आणि दाढी करताना रक्त दिसलं तरी मोरीच्या कट्ट्यावर बसायचा. त्याने आपली तीन गाठींची चिठ्ठी मघापासून घट्ट धरून ठेवली होती.

"मला शिकव, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा आत्ताच पांढरा पडला होता. "मघाशी मी सुटलो म्हणून खूश झालो. ते बरोबर नव्हतं. जायच्या आधी शिकव मला."

"तू आडवा पडशील," संध्या म्हणाली.

"आधी बाबांना टोचीन, मग पडेन."

संध्या हसली आणि त्याच हसण्यात तिला रडू आलं. तिने ओल्या कपड्यांतच तोंड पुसलं. आई तिच्याजवळ गेल्या आणि पट्टीचा हात तिच्या पाठीवर ठेवला. लवूकाका गॅलरीकडे तोंड करून उभे राहिले. मग वहिनीकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, माझं गॅरेज तुझ्यामुळे आहे म्हणजे. पहले बोलना चाहिए था."

"तुम्ही पिणं सोडलंत म्हणून आहे. चला, जेवायला घ्या."

पण कोंडिराम उठले नाहीत. उलट ते खुर्चीवरून खाली सतरंजीवर बसले, गुडघे धरत, हळूहळू. पुरचुंडीतली सगळ्यात पिवळी चिठ्ठी त्यांनी उचलली आणि दोरा नखाने ओढायला लागले. जुन्या कागदाला चिकटलेला दोरा सरकेना, आणि गाठ घट्ट होती. त्यांना आयुष्यात कधी एकही चिठ्ठी बांधावी लागली नव्हती आणि दरसाल दोरा नुसता सरकवून काढायचे, त्यामुळे गाठ सोडवायची सवय नव्हती.

"द्या इकडे," आई म्हणाल्या.

"तुझा हात बांधलेला आहे. मी सोडवतो. तू बस."

त्या समोर खुर्चीवर बसल्या. एरवी ती खुर्ची कोंडिरामांची. मानसीने ताटं मांडायचं थांबवलं. एक गाठ सुटली, दुसरी सुटली, तिसरीला वेळ लागला. कोंडिरामांनी कागद उलगडला. सव्वीस वर्षांपूर्वीचं त्यांचंच अक्षर, शाई जराशी पुसट. ते वाचत राहिले.

"काय आलंय हो?" आईंनी विचारलं.

"जो स्वतःला लहान करतो, त्याला देव उचलून धरतो. त्या अर्थाचं."

"ही तुमची होती," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कशी आली, कोणाला माहीत."

कोंडिराम हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दुसरीची गाठ सोडवायला घेतली.